अण्णांची ओढ

माझ्याच घरच्यांनी मला फसवलं, आणि तेही अशा विषयात, जो शिकवून मी पोट भरते. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक आधी हसले असते आणि मग म्हणाले असते, यात फसवणूक कसली, घरच्यांनी तर तुझं भलंच पाहिलं. तेच तर म्हणते मी. भलं पाहणाऱ्यांनी फसवलं की तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

मी लातुरात एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायचं म्हणून निघालेली पोरं-पोरी गावोगावाहून इथं येतात, निलंग्याहून येतात, भोकरहून येतात, थेट इस्लापुरातूनही येतात. खोल्या करून राहतात, मेसचं पाणचट वरण जेवतात आणि वर्गात जांभया देतात. चेतासंस्थेचा धडा आला की मात्र जरा ताठ बसतात, कारण डोपामिन हा शब्द त्यांना मोबाइलनं आधीच शिकवलेला असतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, अभ्यासाला बसूच वाटत नाही. माझं डोपामिन कमी झालंय का?" मी म्हणते, "तुझं डोपामिन एकदम झकास आहे बेटा. ते सगळं तू त्या मोबाइलवर खर्च करतोस."

वर्ग हसतो. मग मी नीट सांगायला लागते. पुस्तकात या रसायनांवर फार काही नाही, पण मला ते सांगायला आवडायचं. कुठलंही काम करण्याआधी मेंदू घासाघीस करतो, बाजारात भाजी घेताना आपण करतो तशी. मिळणार किती, त्यासाठी झिजायचं किती. डोपामिन चांगलं असलं की ते मिळणारं मोलाचं वाटतं, झिजणं परवडतं, आणि माणूस निघतो. नॉरअॅड्रेनालिनचं काम थोडं वेगळं. काम अवघड निघालं, चढ लागला, की अंगातला जोर एकवटून आणायचा, लक्ष जागेवर ठेवायचं. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून मी फळ्यावर लिहायची, डोपामिन म्हणजे 'पाहिजे' आणि नॉरअॅड्रेनालिन म्हणजे 'चल, ऊठ'. सगळं एवढं सोपं नसतं, हेही सांगायची. पण परीक्षेला आणि आयुष्याला एवढं पुरतं, असं तेव्हा वाटायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भोकरला एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की महिनोन् महिने त्यांचं तोंड दिसायचं नाही. दिसलं तरी आमच्याशी बोलायचे नाहीत. भैय्या, म्हणजे माझा थोरला भाऊ, याच्यासाठी निदान शिव्या तरी असायच्या. माझ्या वाट्याला त्याही आल्या नाहीत. माझ्या शाळेत ते कधी आले नाहीत, कॉलेजला कुठल्या बाजूला जाते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि लग्नात वाजंत्री थांबायच्या आत ते मंडपामागे जाऊन जनरेटर दुरुस्त करत बसले होते. पाठवणीच्या वेळी कुणीतरी त्यांना हाताला धरून आणलं. हाताला ग्रीस होतं, म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. साडी खराब होईल म्हणाले. मी ते खरं मानलं, कारण दुसरं काय मानणार.

निवृत्तीनंतर आई-अण्णा नांदेडला भैय्याकडे राहायला आले. भैय्याचं तिथं खता-बियाण्यांचं दुकान आहे. अण्णांनी दुकानात बसावं अशी त्याची इच्छा होती, पण त्यांनी घरातल्या पलंगावर जी बसकण मारली ती मारलीच. नळ ठिबकत असला तरी उठायचे नाहीत. ज्या माणसाला पंख्याचा आवाज बदललेला झोपेत कळायचा, तो ठिबकणाऱ्या नळाकडे नुसता बघत बसायचा. आई म्हणायची, "जल्मभर मशीनपाशी राबले, आता घरात दगड होऊन बसले." आम्ही सगळे त्याला आळस म्हणायचो. काही वर्षं तशीच गेली. मग उजवा हात थरथरायला लागला, चालताना पाय घासायला लागले, आणि नांदेडच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला.

मला तेव्हा एकीकडे वाईट वाटलं आणि एकीकडे सुटल्यासारखं झालं. हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून या आजारात माणसाची उमेद जाऊ शकते. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, त्यांच्यासोबत नॉरअॅड्रेनालिनवाल्याही जातात. पलंगावरची ती वर्षं आळस नव्हती, आजार होता. मी फोनवर आईला आणि भैय्याला हे समजावून सांगितलं, अगदी फळ्यावर सांगावं तसं. भैय्या म्हणाला, "म्हंजे अण्णा मुद्दाम नव्हते करून राहिले?" मी म्हणाले, नाही रे.

औषधं सुरू झाली. एक डोपामिन भरून काढणारी गोळी, आणि थोड्या दिवसांनी जोडीला दुसरी, डोपामिनची नक्कल करणारी. पाय मोकळे झाले, थरथर कमी झाली. आणि त्याच सुमारास आमच्या लातूरच्या नव्या घराचं काम सुरू झालं.

माझे यजमान निलंग्याला नोकरीला. सकाळची एसटी धरायची आणि दिवेलागणीला परत. माझे दिवसभर क्लास. बांधकामावर उभं राहायला माणूस नव्हता, आणि माणूस उभा नसला की मिस्त्री सिमेंटमध्ये वाळूच कालवतो, हे लातुरात शेंबडं पोरही सांगेल. मी फोनवर आईजवळ रडगाणं गात होते. दुसऱ्याच दिवशी भैय्याचा फोन आला. "अण्णा यायचं म्हणून राहिले तुझ्याकडं. घराचं ऐकल्यापासून नुसतं तुझंच नाव हाय तोंडात. लई ओढ लागलीय त्यांना तुझी."

हे वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. एक तर अण्णा, आणि त्यात लेकीच्या घरी मुक्काम. आमच्याकडे जुन्या वळणाचा बाप लेकीच्या घरी राहत नाही. आला तर चहा घेऊन उठतो, जेवायची वेळ टाळतो. अण्णांनी माझ्या संसारात तोवर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तो माणूस नांदेडहून एसटीत बसला, लोहा-अहमदपूर करत लातूरला उतरला आणि माझ्या दारात पिशवी ठेवून म्हणाला, "बाई, साईट दाखव."

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे मी आज कडवटपणे लिहिते आहे, पण खोटं लिहिणार नाही.

अण्णा उजाडायच्या आत साईटवर जायचे. भिंतींना पाणी मारायचे. लातुरात पाण्याची काय तऱ्हा आहे हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमचा बोअर दमून दमून पाणी द्यायचा, पण अण्णांनी एकही भिंत कोरडी पडू दिली नाही. कॉलमला बारदान गुंडाळून ते सतत ओलं ठेवायचे. वाळू स्वतः चाळायचे. मिस्त्री आधी वैतागला, मग घाबरला आणि शेवटी त्यांना मालक म्हणू लागला. दुपारी मी डबा घेऊन जायची तेव्हा ते सावलीत बसून खिळे सरळ करत असायचे. सेंट्रिंगच्या फळ्यांतून उपटलेले वाकडे खिळे दगडावर ठेवायचे, हातोडीनं ठोकून सरळ करायचे आणि मापाप्रमाणे डब्यांत टाकायचे. "नवे घेऊ की अण्णा," मी म्हणायची. ते मान वर न करता म्हणायचे, "नवे कशाला? तुझा पैसा काय वरून पडून राहिला?"

माझा पैसा त्यांना जपावासा वाटतो, यातच मी विरघळून जायची. मी आणलेलं धपाटं ते दही लावून, बोटं चाटून खायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या हाताला मायची चव हाय." क्लासमध्ये शिकवणाऱ्या बायकांना मी हे वाक्य किती वेळा ऐकवलं असेल, त्यांनाच विचारा. यजमान एकदा म्हणाले, "अण्णा जरा अतीच करतात असं नाही वाटत? काल हाक मारली, जेवायला उठेचनात." मी त्यांच्यावर अशी खेकसले की बिचाऱ्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. म्हणाले, तुझे वडील, तुला माहीत.

मला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे होतं, सगळं होतं. त्याच महिन्यांत मी वर्गात तोच धडा शिकवला होता, फळ्यावर 'पाहिजे' लिहिलं होतं आणि हात झटकून डबा घेऊन साईटवर गेले होते. अण्णा बसून होते तेव्हा मी ते रसायनाच्या नावावर टाकलं. अण्णा उठले ते मात्र मायेच्या नावावर घेतलं. घट आजाराची आणि वाढ माझी. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्यावर लाल फुली मारली असती.

प्लास्टर झालं, फरशी बसली. वास्तुशांतीच्या थोडं आधी भैय्या येऊन अण्णांना घेऊन गेला. डॉक्टरला दाखवायचंय, नवे कपडे शिवायचेत, पूजेला घेऊन येतो म्हणाला. जाताना अण्णा नव्या घराच्या दाराची कडी काढ-घाल करून बघत होते. भैय्यानं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे गाडीत बसले.

वास्तुशांतीला अण्णा आले. भैय्यानं त्यांना धरून आणलं, मांडवातल्या खुर्चीवर बसवलं. नवं धोतर, नवी टोपी. मी धावत गेले आणि म्हणाले, "अण्णा, चला, तुम्हाला रंग दाखवते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिसून राहिला की हितून." मला वाटलं दमले असतील. माझ्या मनात होतं की पूजेनंतर सगळ्यांसमोर त्यांना मधल्या खोलीत न्यावं, शाल द्यावी आणि पाहुण्यांना सांगावं की हे घर माझ्या वडिलांनी उभं केलंय. शाल आणून ठेवली होती. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." नंतर देते म्हणून मी बाजूला ठेवली. पंगत बसायच्या आतच भैय्या त्यांना घेऊन निघून गेला. त्यांनी घराच्या आत पाऊलही टाकलं नाही.

पाहुणे जेवत होते आणि मी वाढत होते. कुणी विचारलं की सांगायची, अण्णांना बरं नाही. पण आत मी जळत होते. काय चुकलं माझं, काय बोलले मी, यजमानांनी काही ऐकवलं का, सगळं उलटसुलट करून पाहिलं. नंतर फोन केला तर आई घेणार आणि सांगणार, झोपलेत. पुन्हा केला तरी झोपलेत.

शेवटी दोन दिवस सुट्टी टाकली आणि नांदेड गाठलं. अण्णा त्याच पलंगावर, त्याच भिंतीला टेकून बसले होते. पायांना लकवा नव्हता, हात फारसा थरथरत नव्हता. नुसतं कशातच मन नव्हतं. मी गेले तर म्हणाले, "आलीस?" आणि पुन्हा खिडकीकडे पाहू लागले. त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ होती. भैय्या दुकानात अडकला होता, म्हणून मी म्हणाले मीच नेते. आई घाईघाईनं म्हणाली, "नको, भैय्याला येऊ दे." मला तेव्हाही काही कळलं नाही.

डॉक्टर भले गृहस्थ होते. अण्णांना चालवून पाहिलं, बोटं उघड-मीट करायला लावली. मग त्यांना बाहेर बसायला सांगून माझ्याकडे वळले. "आता ती धडपड बंद झाली ना?"

"कसली धडपड?"

"एकच काम तासन् तास करत बसायचे ते. त्या दुसऱ्या गोळीनं काही जणांना होतं तसं. तुमच्या भावानं सांगितलं होतं की, घरातला मिक्सर खोलला, कूलर खोलला, शेजाऱ्यांची मोटार खोलून ठेवली, दिवसभर नटबोल्ट निवडत बसतात, हात लावला की चिडतात. मी तेव्हाच गोळी कमी करू म्हणालो होतो. पण ते म्हणाले, सध्या वडील बहिणीकडे लातूरला असणार आहेत, बांधकामावर रमतील, कुणाला त्रास नाही. ते झालं की करू. मग बांधकाम संपवून आले तेव्हा केली कमी."

मी जीवशास्त्र शिकवते हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. लाज वाटली. नुसती मान हलवत राहिले आणि चिठ्ठी घेऊन बाहेर आले. बाहेर बाकावर अण्णा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. रिक्षात ते एका बाजूला, मी एका बाजूला. वर्कशॉपचा चौक ओलांडताना भैय्याचा तो फोन कानात वाजत होता. लई ओढ लागलीय त्यांना तुझी. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या रिक्षात कळलं. ओढ नव्हती लागली. घर उसवून ठेवणारं माणूस घरात नको झालं होतं आणि त्याला गुंतवायला एक बांधकाम सापडलं होतं. आणि मी त्याला धपाटी खाऊ घालत होते.

घरी आल्यावर अण्णांना पलंगावर बसवलं आणि मी स्वयंपाकघरात शिरले. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं काय म्हणून विचारलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "व्हतं."

"आणि मला सांगावं वाटलं नाही?"

"काय सांगू? शेजारीण दारात येऊन भांडून राहिली, भैय्या डोस्कं धरून बसलेला. हे झोपंनात, मला झोपू देईनात. एवढ्यात तुझं घर निघालं. मला जरा पाठ टेकाया मिळाली."

"मग तसं सांगायचं. ओढ लागली म्हणून कशाला सांगितलं?"

"तसं सांगितलं असतं तर तू ठिवून घेतलं असतंस?"

ठेवून घेतलं असतं, हे मला तेव्हा म्हणता आलं नाही, आणि त्याचाही मला तिचाच राग आला. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोनवर तू किती खूश व्हतीस. अण्णा हे म्हणले, अण्णा ते म्हणले. लहानपणी तुला बाप मिळाला न्हाई, हे मला काय दिसत नव्हतं? मनात म्हणलं, मिळून राहिला तर मिळू दे. कशानं का मिळंना."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती आणि म्हणूनच मला ते सहन होईना. मला माझा बाप या लोकांनी उसना दिला होता, आणि काम झाल्यावर परत नेला होता. मी म्हणाले, "अण्णांना तरी माहीत आहे का, गोळीनं तसं होत होतं ते? आणि ती कमी केली ते?"

आई म्हणाली, "त्यांना कशाला सांगायचं? हातावर ठिवली की घेतेत."

आमच्याकडे हे असंच चालतं. आजाऱ्याला सोडून सगळ्यांना आजार ठाऊक असतो. शेजारी, पाहुणे, दुकानातला पोऱ्यासुद्धा जाणून असतो, आणि ज्याच्या अंगात तो आहे त्याला सांगतात, काही नाही, ताकदीची गोळी आहे. मीही डॉक्टरांसमोर बसले तेव्हा अण्णांना बाहेर बाकावर बसवलंच होतं.

जेवणं झाली. आई कलंडली. मी अण्णांच्या पलंगावर त्यांच्या पायाशी जाऊन बसले. मला त्यांच्यावरही राग होता, हे खरं आहे. वेडेपणाच होता तो, पण होता. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की, निदान एखादा दिवस, निदान एखादं धपाटं, त्यांच्या स्वतःच्या मनानं होतं. कसं विचारावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात तेच बोलले.

"बाई, तुझ्या घरात आलो न्हाई मी. राग आला असंल."

मी म्हणाले, "नाही आला."

"आला असंल. येणारच." ते थांबत थांबत बोलत होते. "लई वाटत व्हतं, जावं, आतून बघावं. म्हंजे, वाटावं असं वाटत व्हतं. पन मनच उठंना. पायात जीव हाय, हातात जीव हाय, मन उठंना. आता मला काय झालं तेच कळून न्हाई राहिलं. एवढं केलं आन् ऐन वेळी मी असा कसा झालो. तू मला आळशी नको म्हनू."

मी हे सगळं रिक्षात कुठेच धरलं नव्हतं. मी धरून चालले होते की फसवलं गेलं ते मला. आणि हा माणूस इतके दिवस या पलंगावर बसून स्वतःलाच दोष देत होता. सगळ्यांनी मिळून त्याच्या हातावर एक गोळी ठेवली, मग ती काढून घेतली, आणि आत काय काय जळलं-विझलं त्याचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडलं. निदान मला डॉक्टरांनी चुकून तरी सांगितलं. त्याला कुणी चुकूनही सांगितलं नव्हतं.

मग मी सांगितलं. फळ्यावर सांगते तसं नाही, तुटक तुटक सांगितलं. मेंदूत एक द्रव्य असतं, ते तुमचं कमी झालंय, म्हणून काही करू वाटत नाही. आळस नाही तो. एका गोळीनं ते जास्त झालं होतं, म्हणून तुम्ही थांबत नव्हता. ती गोळी आता कमी केलीय. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "कवा कमी केली?"

"वास्तुशांतीच्या आधी. भैय्या घेऊन आला तेव्हा."

"तुमाला समद्यांना ठावं व्हतं?"

"मला आज कळलं."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मंग ते पानी मारलं, ती वाळू चाळली, ते मी न्हाई केलं?"

"तुम्हीच केलं अण्णा."

"पन गोळीनं करवलं."

एवढी वर्षं वर्गात पोरं जे काय विचारतील त्याला उत्तर देते मी. सगळ्यांचंच रसायन करवतं, माझंही, आईचंही, असं म्हणता आलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण हे ऐकून त्यांना काय मिळणार होतं? मी म्हणाले, "थोडं गोळीनं, थोडं तुम्ही." त्यांना हे पटलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही पटलं नव्हतं. त्यांनी पाय माझ्या बाजूनं काढून दुसरीकडे घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी तिथंच बसून राहिले.

संध्याकाळी गोळीची वेळ झाली. आई पाण्याचा तांब्या घेऊन निघाली, मी तो तिच्या हातातून घेतला. अण्णा उठून बसले होते. मी पाकिटातून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. एरवी ते हात पुढं करायचे, तोंडात टाकायचे आणि तांब्या उचलायचे, गोळीकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्या दिवशी त्यांनी ती दोन बोटांत धरली, खिडकीच्या उजेडात नेली, उलटी-सुलटी केली. मग माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं ते जिनिंगमध्ये नव्या हेल्परकडे पाहायचे.

"ही कशाची?"

मी गोळीचं नाव सांगितलं. ते तसेच हात पुढं धरून बसले. नाव त्यांना नको होतं.

"हिच्यानं मला काय वाटंल?" त्यांनी विचारलं.